गॅलरीतल्या सुलभाताई

आमच्या वाचक कट्ट्याचा एक कडक नियम आहे. ज्याचं पुस्तक वाचून संपलं नसेल, त्याने चर्चा होईपर्यंत गॅलरीत उभं राहायचं. काल ती पाळी सुलभाताईंची होती. कादंबरीत एक अंतराळयान भरकटलेलं, इंधन संपत आलेलं, आणि आत नुकतंच एक बाळ जन्मलेलं. मी शेवटाबद्दल तावातावाने बोलत होतो आणि काचेपलीकडून ताई माझे हात निरखत होत्या. हात वर गेला की त्यांचा चेहरा खुलायचा, खाली आला की पडायचा. मग काय, मी मुद्दामच दोन्ही हात गरागरा फिरवले!

दार किलकिलं झालं. "मेल्या, बाळ जगतं का, तेवढं सांग!"

"सांगतो की, ताई."

"नको! खबरदार सांगितलंस तर!" दार धाडकन बंद.

उद्याच्या बाबतीत आपलं सगळ्यांचं असंच असतं. कळल्याशिवाय चैन पडत नाही आणि कुणी सांगू लागलं की आपण कान झाकतो.

ताई उरलेली पानं तिथेच उभ्याने वाचू लागल्या. आमची चर्चा थांबली. शेवट आम्हा सगळ्यांना ठाऊक होता, तरी जीव मुठीत धरून आम्ही काचेतून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.