झाकलेला स्विच

आईचं तेरावं करून मी गावाहून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झालो. आई गेल्याचं कुणाला सांगितलं नाही. ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या अंकलना जाताना फोनवर एवढंच म्हटलं होतं, घरी काम निघालंय, जाऊन येतो.

न सांगण्याला कारण होतं. आमचं गाव किनवटच्याही पलीकडे, आणि माझी शाळा आठवीतच सुटलेली. वसईत आलो तो एका कारखान्यात पॅकिंगला. तिथून अंकलनी मला सामान उचलायला म्हणून आपल्याबरोबर घेतलं. मग कधीतरी हातात स्क्रू ड्रायव्हर दिला, मग केबली. त्यांच्या कंपनीत विचारणा झाली की हा कोण, तर म्हणाले, माझ्या जबाबदारीवर आहे. त्या एका वाक्यावर माझं इथलं सगळं चाललंय. आई गेली म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, बस घरी थोडे दिवस. तेवढ्यात माझ्या जागी दुसरा कुणी आला असता, शिकलेला, सर्टिफिकेटवाला. तो त्यांना बरा वाटला तर? ही भीती तेवढी जागी होती. बाकी आत काही हलत नव्हतं. जेवत होतो, पण भाजीत मीठ आहे की नाही ते कळत नव्हतं. रडणंही राहूनच गेलं होतं.

काम नायगावकडच्या एका हॉस्पिटलात होतं. तिथले एक्स-रे, स्कॅन, रिपोर्ट सगळं एका गार खोलीतल्या स्टोरेजमध्ये राहतं. तिथवर पोचायला दोन रस्ते, म्हणजे रॅकमध्ये एकाखाली एक बसवलेले दोन सारखेच स्विच, केबली जोडायच्या मोठ्या पेट्या. वरच्याची चासी खराब झाली होती. चासी म्हणजे लोखंडी सांगाडा. आतली कार्डं, पंखे, पॉवर सप्लाय काढून नव्या सांगाड्यात घालायचे आणि केबली होत्या तशाच लावायच्या. तोवर सगळं हॉस्पिटल खालच्या एकट्या स्विचवर. त्याला धक्का लागला तर तिसरा रस्ता नाही. रविवार होता म्हणून ओपीडी बंद होती, पण आयसीयूला रविवार नसतो.

गेटवरच्या वॉचमनने माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"काय भाऊ, तिरुपती?"

"हो."

"मग लाडू कुठाय?"

"संपला."

"वा रे वा! एकट्यानेच देव खाल्ला!"

तो हसला, मीही हसलो. अंकल आधीच वर पोचले होते. त्यांनीही माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टोपी आणायचीस ना, एसीत टाळकं गारठेल." मी हो म्हटलं.

अंकल इथलेच, वसईतल्या पापडी गावचे. घरी बायकोशी फोनवर बोलतात ती बोली मला अजून निम्मीही कळत नाही; माझ्याशी साधं मुंबईचं मराठी. त्यांची एक पद्धत आहे. कामाला हात घालण्याआधी जे चालू आहे ते झाकून टाकायचं, म्हणजे चुकून हात जात नाही. एरवी ते लाल चिकटपट्ट्या मारतात. त्या दिवशी पट्टी संपली होती. मग त्यांनी पाव गुंडाळून आणलेलं पांढरं फडकं पिशवीतून काढलं, झटकलं आणि हवेच्या जाळ्या मोकळ्या सोडून खालच्या स्विचच्या तोंडावर सोडलं.

"याला हात लावायचा नाही. आपला वरचा."

"हो अंकल."

ते पोर्टचा, म्हणजे केबल बसते त्या खाचेचा, नंबर बोलायचे, मी तो परत म्हणायचा, केबल काढायची, तिच्या टोकाला टोपण घालून बाजूला बांधायची. "स्लॉट तीन, पोर्ट शून्य." "स्लॉट तीन, शून्य." पंख्यांचा आवाज एकसारखा होता. माझं तोंड बोलत होतं, बोटं काम करत होती, आणि मी कुठेतरी मागे उभा होतो.

"पोर्ट चार."

"चार," मी म्हटलं आणि खाली वाकलो. फडक्याची कड उचलली, आत हात घातला. बोट केबलच्या क्लिपवर टेकलं होतं तेवढ्यात अंकलनी माझं मनगट धरलं. ओरडले नाहीत. नुसतं धरून ठेवलं.

"काय करतोस?"

"पोर्ट चार."

"ते झाकलंय ना?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "झाकलंय म्हणजे गेलेलंच ना."

त्यांनी माझा हात सावकाश बाहेर काढला. मग माझ्या डोक्याकडे पाहिलं. या वेळी बराच वेळ.

"तिरुपती नाही ना हे?"

"नाही."

"कोण?"

"आई."

मी जमिनीवरच्या स्क्रूंकडे बघत राहिलो. आता म्हणतील, सामान ठेव आणि नीघ.

"बोलला का नाहीस?"

"तुम्ही घरी बसवलं असतं."

"बसवलंच असतं!"

"मग दुसरा आला असता माझ्या जागी."

"दुसरा!" अंकल म्हणाले. "माझ्या शिव्या खायला कोण दुसरा येतोय? कुठाय, दाखव तरी."

त्यांनी फडकं ओढून काढलं, घडी न घालताच पिशवीत कोंबलं. गुडघे दुखतात तरी खाली फरशीवर बसले आणि खालच्या स्विचसमोर तळहात आडवा धरला. "मी इथून हलत नाही. आता नंबर तू बोल, मी परत म्हणतो. घाई नको."

मी बोलत गेलो, ते परत म्हणत गेले. केबली सुटल्या, कार्डं निघाली, नवा सांगाडा रॅकच्या पट्ट्यांवर सरकवला, सगळं जिथलं तिथे गेलं. वीज दिल्यावर दिवे आधी नारिंगी झाले, मग एकेक करत हिरवे. एक्स-रेच्या खोलीतल्या पोरीने फोनवर सांगितलं की जुनी फिल्म उघडतेय. दोन्ही रस्ते चालू झाले होते.

"उद्या येऊ नको," अंकल म्हणाले.

गावाहून आल्यापासून मला आत लागलेलं ते पहिलं वाक्य.

"परवा गास गावात काम आहे. जड सामान आहे, सकाळीच ये. उद्या झोप."

"झोप येत नाही अंकल."

"मग नुसता पडून राहा."

"पण परवा येऊ ना? नक्की?"

"नाही आलास तर जूचंद्रला तुझ्या खोलीवर येऊन ओढून नेईन," ते म्हणाले आणि जुन्या सांगाड्याचं एक टोक त्यांनी धरलं. "चल, उचल."