सुलेखाची निळी फाइल

आमच्या घरातले कागद सुलेखाच्या ताब्यात, आणि गाडीही तिच्याच ताब्यात. मी तिचा नवरा. पाया लेबारच्या ऑफिसात वीस माणसं माझ्या हाताखाली आहेत, पण क्लेमेंटीच्या घरात मला स्वतःचा पासपोर्टसुद्धा मागून घ्यावा लागतो. याचा मला मनापासून राग येतो. पण सिंगापूरला आधी आली ती, नोकरी लागली तिला, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, तोही आधी मिळाला तिला. मी वर्षभरानं तिच्या मागं आलो, त्यामुळे तक्रारीला फारशी जागा नाही.

हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत ती मालाचे कागद तपासते. एक आकडा चुकला तरी कंटेनर परक्या बंदरात पडून राहतो, त्यामुळे नजर तशीच तयार झालीय. हातात लग्नपत्रिका दिली तरी बाई आधी तारीख आणि वार जुळतात का ते बघते. घरातल्या प्रत्येकाचे कागद एका निळ्या फाइलमध्ये, आणि कुणाचं काय कधी संपतं याची यादी वर चिकटवलेली.

२०१४ च्या मेमध्ये माझे वडील, नाना, आमच्याकडे आले. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर, कऱ्हाड डेपो. नुकतीच बायपास झालेली. पुन्हा एवढा प्रवास जमणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. आम्ही दाखवलं ते सगळं त्यांनी जावयासारखं मान डोलावत बघितलं आणि शेवटी एकच मागितलं. "बेळगावच्या गाडीवर होतो. राज्याची हद्द हजारदा ओलांडली. देशाची एकदा ओलांडू दे, रस्त्यानं."

सुलेखानं रजा टाकली, सगळ्यांचे मलेशियाचे व्हिसा काढले, मलाक्काला हॉटेल घेतलं. जूनमधला शनिवार ठरला. सोमवारी नानांचं परतीचं विमान होतं.

सकाळी सहाला निघालो. सुलेखा स्टिअरिंगवर, शेजारी नाना, मागं मी आणि आमची नऊ वर्षांची जाई. नानांनी तिला महिनाभरात कंडक्टरकी शिकवली होती. गाडी सोडायची तर डबल बेल. म्हणून जाईनं दारावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाली, "ओके, can go lah!"

"कंडक्टर खाली आणि गाडी चालू, असं माझ्या हातून एकदाही झालं नाही," नाना म्हणाले. हे त्यांनी आम्हाला पन्नासदा तरी सांगितलं होतं.

मलेशियात नेणाऱ्या वुडलँड्सच्या पुलाआधी पेट्रोल पंपावर थांबलो. तीन चतुर्थांश टाकी भरलेली नसेल तर सिंगापूरची गाडी पलीकडे सोडत नाहीत. टाकी भरेपर्यंत सुलेखानं शिरस्त्याप्रमाणे फाइल बॉनेटवर उघडली. आता ही पुन्हा सगळं तपासणार, म्हणून मी वैतागून खाली उतरलो. ती एकाच कागदाकडे बघत होती.

"माझं री-एन्ट्री परमिट मंगळवारी संपलं."

"तुझं? आपलं तर पुढच्या वर्षी आहे ना?"

"तुझं आणि जाईचं पुढच्या वर्षी. मला पीआर आधी मिळाला होता." ती फाइलवरची यादी दाखवत म्हणाली. यादीत नाना होते, मी होतो, जाई होती. तिचं नाव नव्हतं. स्वतःचं काय, लक्षात राहीलच, म्हणून लिहिलंच नव्हतं.

इथं घरी बसलं तर काही बिघडत नाही, सोमवारी अर्ज करता येतो. पण ते परमिट नसताना देशाबाहेर पाऊल टाकलं की पीआर गेला. दहा वर्षांचा पीआर, आणि त्याच्यावर उभं असलेलं आमचं सगळं घर.

"जाताना कोण बघतंय," मी म्हणालो. मूर्खासारखंच बोललो.

"मी बघितलं ना," ती म्हणाली. मग किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही तिघं जा. मी बसनं घरी जाते."

माझ्याकडे लायसन्स आहे, पण दोन वर्षांपूर्वी पार्किंगच्या खांबाला गाडी घासल्यापासून मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. नानांनी काच खाली केली होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"घरी चला," ते म्हणाले. "कंडक्टर सोडून मी गाडी नेत नाही."

"नाना, पुन्हा कधी जाणार तुम्ही?" सुलेखा म्हणाली.

"नाही गेलो तर नाही गेलो. तुला इथं टाकून कशाला जाऊ?"

सुलेखाचे डोळे भरले. बारा वर्षांत मी तिला चुकलेलं पाहिलं नव्हतं, आणि चुकली तीही एकटीपुरती. तिनं निळी फाइल नानांच्या मांडीवर ठेवली, वर हात दाबून धरला. "यातले चौकीवर मागतील ते तीन पासपोर्ट वरच आहेत. परत आणून द्यायचे, माझ्या हातात." मग मला म्हणाली, "बस. डावीकडची लेन धर, घाई करू नकोस, मागचे हॉर्न देतील ते देऊ देत."

मी बसलो. आरसे नीट केले, गाडी सुरू केली. नाना समोर बघत होते, फाइलवर दोन्ही हात. जाई रडवेली होऊन मागं वळून बघत होती. दारावर टकटक करायचं तिलाही सुचेना. मी ब्रेकवरचा पाय उचलला नाही. नाना शेजारी असताना ही गाडी डबल बेलशिवाय हलणार नव्हती.

आरशात सुलेखा दिसली. ती गाडीच्या मागं येऊन उभी राहिली आणि डिकीवर हाताची मूठ दोनदा आपटली.

नानांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सोड."