कुत्र्याखालचं दुपटं

“सुलभाकाकूंचं दुपटं म्हणे रोह्याला कुत्र्याखाली…”

एवढंच कानावर आलं आणि गिरणीवाल्यानं गिरणी चालू केली. पुढचं सगळं त्या घरघरीत गेलं. बोलणाऱ्या दोघी वरच्या आळीतल्या, चकलीची भाजणी दळायला आलेल्या. माझा नंबर लागेपर्यंत त्या निघूनही गेल्या. मला अर्धी बातमी म्हणजे दातात अडकलेलं पेरूचं बी.

पेणला आमच्या आळीत दुपारच्या चौघीजणी काकूंच्या ओटीवर गोधड्या शिवत बसतो. हाताला काम, तोंडाला सुट्टी. किस्से साठणारच. पण हल्ली ते आठवले की हसू कमी येतं, डोकंच जास्त तापतं.

*

सुलभाकाकू पूर्वी जवळच जोह्याला मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवायच्या. नजर अधू झाली तसा कुंचला सुटला, हात मात्र तोच राहिला. आता बोटांनी चाचपून टाके घालतात, तांदळाच्या दाण्याएवढे.

मी त्यांची शेजारीण. माझ्या शिवणाबद्दल काकूंचं मत ठरलेलं. “शोभे, तुझा टाका रस्त्याकडे बघतो गो.”

आता आळीत कोण आलं, कोण गेलं, ते कोणीतरी बघायला नको का?

*

काकूंची लेक वैशाली रोह्याला दिलेली. तिला दिवस राहिले तेव्हा काकूंनी पेटीतून आपल्या आईचं हिरवं लुगडं काढलं. बाळाला दुपटं शिवायचं म्हणून. मीही माझी एक निळी साडी काढली. माझं दुपटं तीन आठवड्यांत झालं. काकूंना चार महिने लागले.

त्याच दिवसांत मुंबईहून एक बाई गाडी घेऊन आल्या. जुनी लुगडी गोळा करत फिरत होत्या. ओटीवर बसून हिरवं लुगडं चाचपलं आणि म्हणाल्या, “आजी, हे विंटेज आहे. याचे कुशन करू आम्ही, दिवाळी गिफ्टसाठी.”

“माझ्या आयशीचं हाय.”

“म्हणून तर व्हॅल्यू आहे ना त्याला.”

काकूंनी लुगडं त्यांच्या हातातून काढून घेतलं, घडी घातली. “तुमच्या आयशीचं काय नाय का घरात? तिच्यावर बसा.”

बाई चहा न घेता गेल्या. आम्ही केलाही नव्हता.

*

मागच्या दिवाळीत इथल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन लागलं होतं. उटणी, कंदील, पणत्या, आणि एका स्टॉलवर पाटी: ‘हाताने शिवलेल्या पारंपरिक गोधड्या’. काकूंनी त्यातली एक उलटून धरली. मागच्या बाजूवरनं बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“मशिनीची हाय.”

स्टॉलवरचा पोरगा म्हणाला, “नाही हो काकू, हँडमेड आहे.”

“बाळा, हात एवढा सरळ चालत नाय. बाई मधेच उठते, दूध उतू जातं, दारात कोण येतं. तिथं टाका वाकडा होतो. हिचं दूध कधीच उतू गेलं नाय.”

माझा तर जीव जळला. खोट्या गोधडीसाठी बायका रांगेत, आणि खऱ्या शिवणारीला पोरगा सांगतोय, काकू जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक आहे.

*

वैशालीला मुलगा झाला. बारशाला आम्ही दोघी आपापली दुपटी घेऊन रोह्याला गेलो. टेबलावर बॅटरीवर हलणारा पाळणा, चमकीच्या कागदातले खोके. त्यात काकूंचं दुपटं विहीणबाईंनी दोन बोटांनी उचललं.

“जुन्या कपड्याचं आहे का? धुतलंय ना?”

काकूंनी दुपट्याचं टोक सारखं केलं. मला गप्प बसवेना. म्हटलं, “सात पाण्यांतून काढलंय. तुमचा पाळणा एकदा तरी धुतलात का?”

जेवणात मला जिलेबी वाढायला कोणी फिरकलंच नाही.

*

म्हणून तर गिरणीतलं ऐकून माझं टाळकं सटकलं. खरंखोटं बघून मग बोलायचं, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण पोटात राहिलं नाही. दळणाचा डबा घरी न ठेवता मी आधी काकूंच्या ओटीवर गेले आणि सांगून टाकलं.

काकूंचं शिवण चालू होतं. भाऊबीजेला लेक-जावई येणार, त्यांच्यासाठी मोठी गोधडी शिवायला घेतली होती. तिला चारच बोटं राहिली होती. त्यांनी सुई काढली, बिस्किटाच्या डब्यात टाकली, झाकण लावलं.

वैशालीचा फोन वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही वाजला.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “तिला सांग, भाऊबीजेला नको येऊ. मी घरी नाय.”

“कुठं जाणार तुम्ही?”

“हितंच.”

*

मी लाडू-चिवड्याचे डबे भरले आणि रोह्याची गाडी धरली. वाटभर तोंडात शिव्या घोळवल्या. विहीणबाईंना कुठून सुरुवात करायची ते नागोठण्यापर्यंत ठरलं होतं.

घराच्या पडवीत त्यांचा कुत्रा टायगर झोपला होता. अंगाखाली दुपटं.

मी दारातूनच ओरडले, “वैशाली, बाहेर ये आधी!”

ती बाळाला खांद्यावर घेऊन धावत आली. बाळाच्या अंगाभोवती हिरवं लुगडं, तांदळाच्या दाण्याएवढे टाके.

“मावशी, हळू. आत्ता झोपलाय. आईचं दुपटं धुवायला काढलं तरी हा रडून घर डोक्यावर घेतो. आणि आई फोन का उचलत नाय हो? काय झालंय तिला?”

मी वाकले. टायगरच्या पायाखालचं टोक ओढलं. निळं. मधेच चांगला वीतभर दोराच नाही. त्या दुपारी समोरच्या घरी नवरा-बायकोचं भांडण जुंपलं होतं, मला नीट आठवतंय.

वैशालीचं तोंड पडलं. “मावशी, ते… सासूबाईंनी… मी चहा टाकते.”

चहा चांगला झाला होता.

*

संध्याकाळी काकू ओटीवर अंधुक उजेडात बसलेल्या. माझी चाहूल लागली तरी मान वळवली नाही.

“बघितलंस?”

“बघितलं. दुपटं कुत्र्याखाली हाय, ते खरं.”

काकूंचे हात मांडीवर तसेच राहिले.

“पण तुमचं नाय. तुमचं बाळाच्या अंगावर हाय. त्याच्याशिवाय झोपत नाय तो. वैशाली तुमच्या फोनची वाट बघतेय.”

त्यांनी बिस्किटाचा डबा पुढे ओढला, सुई चाचपून काढली आणि ओवायला माझ्याकडे दिली. मी दोरा ओवला. त्यांनी गोधडीची राहिलेली चार बोटं मांडीवर घेतली.

“मग ते कोणाचं?”

मी गाठ मारत बसले.

काकूंनी पहिला टाका घातला. दुसरा घातला.

“शोभे, कुत्रा रस्त्याकडे तोंड करून झोपला होता का गो?”