आयने नाव घेतलं तेव्हा

रेवसच्या धक्क्यावर लाँच सुटायला आली तेव्हा आय एक शब्दही बोलली नाही. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुरचुंडी माझ्या हातात दिली, लुगड्याला हात पुसले आणि मासळीच्या टोपल्यांपाशी जाऊन उभी राहिली. मी भाऊच्या धक्क्याला उतरून पुढे बोटीने इंग्लंडला जाणार होते, राज्यशास्त्र शिकायला. साल एकोणीसशे साठ. आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून तोवर इतक्या लांब कुणी गेलं नव्हतं, मुलगी तर नाहीच. बाबा उघड रडत होते. आय पाण्याकडे बघत होती.

आता तिला बोलता येत नव्हतं असं कोण म्हणेल? बाजारात बसली की तिचा आवाज पार खाडीपर्यंत जायचा. कुणी सरंग्याचे कल्ले उघडून नाक मुरडलं तर ती त्याच्या सात पिढ्या उद्धरायची, आणि तोच माणूस हसत हसत दोन सरंगे घेऊन जायचा. पण निघालेल्या होडीला मागून हाक मारायची नाही, अपशकुन होतो, हा आमच्याकडचा नेम. लाँच ही तिच्या लेखी होडीच. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरीही ती ‘परत ये’ एवढं तरी म्हणेल म्हणून मी धक्का दिसेनासा होईपर्यंत कठड्याशी उभी राहिले. ती म्हणाली नाही.

आयच्या तोंडून न निघणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे बाबांचं नाव. तशी कुणाच्याच आईच्या तोंडून निघत नसे. पण पहिली निवडणूक आली आणि पंचाईत झाली. मी तेव्हा सातवीत होते, आयचं बोट धरून शाळेतल्या मतदानाच्या रांगेत उभी होते. आयचं नाव जानकी, आणि कोळीवाड्यात जानक्या तीन. टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, “यातली तुम्ही कुठली? नवऱ्याचं नाव सांगा.” सगळ्या बाजाराला दबकावणारी माझी आय खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागली. कारकून वैतागला. शेवटी मीच म्हटलं, “राघो.” आयच्या बोटाला शाई लागली. घरी येईपर्यंत ती ते बोट जपून धरून चालत होती, आणि दोन दिवस त्याला चिंबोरीचा रस्सासुद्धा लागू दिला नाही. पुढच्या निवडणुकीला मी मुंबईला कॉलेजात होते. तेव्हाही नाव सांगायला म्हणून मुद्दाम गावी आले. मग ते माझंच काम होऊन बसलं.

लंडनला मी विषय घेतला तो हाच : वेगवेगळ्या देशांत बायकांना मत कसं मिळालं आणि मिळाल्यावर त्यांनी त्याचं काय केलं. लायब्ररीतल्या जाडजूड पुस्तकांत मोर्चे होते, तुरुंग होते, पार्लमेंटातली भाषणं होती. अंगठ्याने जमीन उकरणारी बाई कुठेच नव्हती. होस्टेलात शेजारच्या खोलीत एल्सबेट नावाची स्विस मुलगी राहायची. तिच्या देशात बायकांना देशाच्या निवडणुकीत अजून मत नव्हतं. सोड्यांच्या वासाने खिडकी उघडणारी ही एल्सबेट एकदा म्हणाली की तुझ्या आईला मतासाठी किती झगडावं लागलं असेल. मी सांगितलं, झगडावं लागलं नाही, फक्त माझ्या वडिलांचं नाव घ्यायचं होतं, आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं. ती हसली. मीही हसले, आणि खोलीत येऊन रडले. कारण बासष्टची निवडणूक जवळ आली होती आणि त्या टेबलासमोर आय एकटी असणार होती. मी जगातल्या बायकांच्या मतांवर प्रबंध लिहीत होते आणि माझ्याच आईचं मत माझ्यावाचून अडणार होतं. तुमच्यापैकी जे दूरदेशी गेले त्यांना हे कळेल. तिथली मोठी कामं आपल्या हातून होतात, आणि इथलं एक बारकं काम राहून गेलेलं असतं, ते जिवाला खात राहतं.

चौसष्ट साली पदवी घेऊन आले. उत्तर इंग्लंडातल्या एका विद्यापीठात शिकवायची नोकरी मिळाली होती, ती घ्यायची की नाही हे ठरत नव्हतं. जेवताना मी आयला भीत भीत विचारलं, बासष्टला मत दिलं का. बाबांना ठसकाच लागला.

“मी बाप्यांचे रांगेन उभा व्हतू,” ते म्हणाले. “पलीकरून आवाज आला, राघो. मना वाटला, कोन बोलवतंय. मी ओ दिली.”

सगळी शाळा हसली म्हणे. शेजारची चांगुणा आयसाठी नाव सांगायला पुढे झाली होती, पण आयने तिला हाताने मागे सारलं आणि बाजारातल्या आवाजात नाव घेतलं. मी आयकडे पाहिलं. ती माझ्या ताटात भात वाढत होती.

“तू न्हवतीस,” ती म्हणाली. “दुसऱ्याचे तोंडान माजे घरचा नाव कनाला सांगू?”

त्या रात्री मला शांत झोप लागली. माझ्यावाचून तिचं अडत नव्हतं, याचा आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू. नोकरी घ्यायचं ठरलं ते त्याच जेवणाच्या वेळी.

आता वर्गातल्या मुलींना मी मताचा इतिहास शिकवते तेव्हा सुरुवात आयपासून करते. त्यांना ते नाव न घेणं विचित्र वाटतं. त्यांची आडनावं लग्नानंतर बदलतात, हे मी त्यांना हळूच आठवून देते.

दुसऱ्यांदा निघाले तेव्हाही आय रेवसपर्यंत आली. पुन्हा सोडे, पुन्हा लुगड्याला पुसलेले हात. लाँच धक्क्यापासून सुटली, मध्ये पाणी आलं. मी या वेळी काही अपेक्षाच ठेवली नव्हती. तेवढ्यात तो आवाज आला, बाजारातला.

“सुमन! परत ये गो बाय!”

लाँचमध्ये टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी दचकून मागे बघायला लागल्या. एकीने तर कपाळाला हात लावला. निघालेल्या होडीला मागून हाक म्हणजे काय, ते त्यांना सांगायला नको होतं. धक्क्यावर बाबा आयचा हात ओढत होते आणि ती सोडवून घेत होती.

गावी राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं? जिथून मला मागून हाक येते ते. बाकी मला सांगता येत नाही. त्या दिवशी मी कठडा धरला आणि बाबांसारखीच मोठ्याने ओ दिली.