व्हिसाचा फोटो

शाहूपुरीतले फोटोग्राफर गुरुसिद्धअण्णा म्हणजे तिखट माणूस. फौंड्रीवाल्यांची पोरं युरोप फिरायला निघाली की व्हिसाच्या फोटोसाठी त्यांच्याकडंच यायची. पूर्वी बाप आले, आता लेकरं. व्हिसाच्या फोटोत हसलेलं चालत नाही, म्हणून अण्णा सगळ्यांवर खेकसायचे, "दात झाक की! वरातीला निघालायस व्हय?"

परवा त्यातल्याच एका पोराची, सम्राटची आई आली. सम्राट महिन्यापूर्वी स्वित्झर्लंडच्या तळ्यात बुडाला.

"मोबाईलमधल्या सगळ्या फोटोंत काळा चष्मा हाय," ती म्हणाली. "हार घालायला डोळं दिसणारा एक द्या."

अण्णांनी व्हिसाचाच फोटो मोठा करून दिला. ती बघत राहिली. "माझं पोरगं एवढं गप्प कधीच नव्हतं हो."

"चारदा हसलं हुतं, वैनी," अण्णा म्हणाले. "चारी वेळा मीच दटावलं."