घडीबाईचे कागद

नवा मिक्सर घरी आला की आपण काय करतो? मिक्सर ओट्यावर ठेवतो आणि तळाशी निघालेला घडीचा कागद खोक्यासकट माळ्यावर भिरकावतो. तो कागद कुणीतरी बसून लिहिलेला असतो, हे आपल्या गावीही नसतं. ही गोष्ट तो लिहिणाऱ्या बाईची आहे, तेव्हा आज तरी जरा नीट वाचा.

घरगुती उपकरणांच्या एका कारखान्यात तिनं सव्वीस वर्षं हेच काम केलं. आधी मिक्सर, इस्त्री, पंखे आणि पुढे नेब्युलायझर, म्हणजे दम लागलेल्या पेशंटला वाफेतून औषध देणारं मशीन. कसं लावायचं, कसं पुसायचं, बंद पडलं तर आधी काय बघायचं, सगळं तिच्या हातचं. कागदावर कारखान्याचं नाव असे, पत्ता असे, फोन नंबरसुद्धा असे. तिचं नाव मात्र कुठेच नसे. कारखान्यात सगळे तिला घडीबाई म्हणत, आणि खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं.

तिच्या कामाची एक पद्धत होती. कागद लिहून झाला की तो आणि ते मशीन ती घरी आणून सासूबाईंपुढे ठेवायची. स्वतः समोर हात मागे बांधून, तोंडाला कुलूप लावून बसायची. सासूबाई मोठ्यांदा वाचत आणि वाचतील तसं करत. जिथे त्या अडत, तिथे चूक कागदाची, सासूबाईंची कधीच नाही. सासूबाईंना हा नियम फार म्हणजे फारच आवडे.

मग एक दिवस कारखान्यानं लेखन विभाग बंद केला. विभाग कसला, एक टेबल आणि घडीबाई. रद्दीत निघालेले जुने कागद तिनं साहेबांना विचारून ट्रंकेत भरून घरी आणले आणि जाहीर केलं, की आता मी माझी स्वतंत्र कामं घेणार.

तिचा धाकटा भाऊ भांड्यांचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "ताई, असले कागद लिहायला तुला कोण बोलावणार? महिनाभर बघ. एक जरी काम आलं तरी मी गप्प. नाहीतर एक तारखेपासून माझ्या काउंटरवर ये."

भाऊ प्रेमानंच बोलला होता, म्हणून तर तिला नाही म्हणता येईना. ती हो म्हणाली. उरलेलं आयुष्य पातेली दाखवण्यात घालवायचं, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

लेक कॉम्प्युटरवर काम करणारी. तिनं कंबर कसली. "आई, काम दारात चालून येत नाही आता. लोकांना तू नेटवर सापडली पाहिजेस. मी वेबसाइट करते, तू स्वतःविषयी चार ओळी लिही."

घडीबाईनं दोन दिवस घेतले आणि लिहिलं: वापरण्यापूर्वी हे वाचा. लेखिकेला एका वेळी एकच काम द्यावे. फार घाई केल्यास लेखिका गरम होते, अशा वेळी दहा मिनिटे बंद ठेवावी. कुरकुर ऐकू आल्यास चहा द्यावा. आणि सगळ्यात खाली, सव्वीस वर्षांच्या सवयीनं: कागद हरवल्यास कळवा, दुसरा पाठवू.

लेकीनं कपाळावर हात मारला. "आई, हे गिऱ्हाइकासाठी आहे. तू मिक्सर नाहीयेस."

"मला दुसरं काही लिहिता येत नाही," घडीबाई म्हणाली. लेकीनं हसत हसत ते तसंच चढवलं आणि नमुने म्हणून ट्रंकेतल्या सगळ्या कागदांचे फोटो टाकले.

पहिल्या आठवड्यात साइट नऊ वेळा उघडली गेली. त्यातल्या सात वेळा लेकच, आणि दोनदा भाऊ. मग पहिलं पत्र आलं. घडीबाईनं घाईघाईनं उघडलं, तर कुणीतरी अठरा वर्षांपूर्वीच्या इस्त्रीचा हरवलेला कागद मागत होतं. दुसऱ्या दिवशी पंख्याचा कागद मागणारा. तिसऱ्या दिवशी तिघं. शेवटची ती ओळ लोकांनी मनावर घेतली होती.

"आई, काढ ती ओळ. यातला एकही तुला काम देणार नाही."

"पाठवू म्हणून लिहिलंय ना, मग पाठवायला नको?" असं म्हणून ती एकेकाला कागद पाठवत बसली. तारखा पुढे सरकत होत्या, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

पंचवीस तारखेला एका अनोळखी बाईचं पत्र आलं.

"माझा कागद हरवलेला नाही, फक्त सांगायला लिहितेय. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा दम लागला. घरात मी एकटी, आधी काय करावं कळेना. मशीनचा कागद उघडला तर पहिलीच ओळ: आधी तुम्ही बसा. मूल मांडीवर घ्या, ते तुमच्या तोंडाकडे बघत असतं. मी बसले. आता तो सोळा वर्षांचा आहे. त्याला दम लागला की मी अजून आधी बसते. हे लिहिणारं कुणी माणूस आहे, हे मला आज कळलं."

सोबत फोटो होता. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला तिचा कागद. चिकटपट्टीवर चिकटपट्टी, तिच्यावर आणखी एक. अक्षरं पुसट झाली होती तिथे कुणीतरी पेननं गिरवली होती.

घडीबाईनं फोटो मोठा करून ती गिरवलेली अक्षरं एकेक करून वाचली. 'आधी तुम्ही बसा' ही ओळ साहेबांनी दोनदा खोडली होती, यात तांत्रिक काय आहे म्हणून. तिनं दोनदा परत घातली होती. ज्या टेबलावर डबाही धड मावत नसे, तिथे बसून आपण चौदा वर्षं एका घरात, एका आईच्या शेजारी होतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. अशी आणखी किती घरं असतील? त्या टेबलाची जागा एवढी मोठी असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

तिनं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या जराही हलल्या नाहीत. "मग? उभ्यानं त्या वाफेच्या मशीनचं झाकण माझ्याच्यानं लागत नव्हतं. बसले तेव्हा लागलं. मीच नव्हतं का दाखवलं?"

खरंच, त्यांनीच दाखवलं होतं. घडीबाईनं त्यांचा हात हातात घेतला, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाईंची परवानगी घेऊन लेकीनं ते पत्र साइटवर लावलं. ते इकडून तिकडे फिरलं, आणि एकोणतीस तारखेला कानाची मशीनं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचं पत्र आलं. आमची म्हातारी गिऱ्हाइकं कागद वाचून गोंधळतात, तुम्ही लिहाल का? आणि खाली तुमचं नाव टाकलेलं चालेल का?

भावाला कळवलं. "जिंकलीस बाई," एवढंच म्हणून तो खरोखर गप्प बसला.

आठ दिवसांनी कागद तयार झाला. घडीबाईनं तो आणि ते चिमुकलं मशीन सासूबाईंपुढे ठेवलं आणि हात मागे बांधून समोर बसली. सासूबाईंनी मोठ्यांदा वाचत मशीन कानात घातलं, चालू केलं, आवाज वाढवला. कुठेही अडल्या नाहीत. मग शेवटच्या ओळीशी आल्या आणि सुनेचं पूर्ण नाव वाचून थांबल्या.

त्या अडल्या म्हणजे चूक कागदाची. घडीबाईनं ते नाव खोडायला पेन उचललं.

"खोडतेस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "नुसतं नाव वाचून माणसानं पुढे करायचं काय, ते लिही."

घडीबाईनं पेन टेकवलं आणि नावापुढे लिहिलं: काही अडलं तर हिला विचारा.