नागवेकर मामांची कोरी वही

रत्नागिरीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात आत्माराम नागवेकर बावीस वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. सांभाळत म्हणजे अगदी तळहाताच्या फोडासारखी. चपला बाहेर, ओल्या छत्र्या बाहेर, खंडेनवमीला प्रत्येक मशीनला झेंडूचं फूल, आणि कुणी एंटर जरा जोरात दाबलं की, "मेल्या, नारळ फोडतोयस काय?" त्यांच्याकडे बिघाडाची वही होती. मशीनं म्हातारी होऊन गेल्याच्या नोंदी तीत होत्या, पण 'कोणाच्या हातून' हा रकाना बावीस वर्षं कोरा. मे महिन्यात निवृत्त होताना तो कोराच सोपवायचा, एवढीच मामांची हौस होती.

नेमक्या त्याच वर्षी वैष्णवी मॅडम शिकवायला आल्या. मुलांना म्हणाल्या, "ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा तुम्ही स्वतः लिहायचा. मशीन कोसळणार. कोसळू दे."

मामांनी वही छातीशी धरली. मॅडमनी समजावलं, कोसळेल ते व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रामने उभा केलेला खोटा कॉम्प्युटर. तो मेला तरी खऱ्याला धक्का नाही, आणि खोट्याची प्रत सर्व्हरवर जपलेली. मामांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, मॅडम होत्या म्हणून.

पहिल्याच तासाला गौरवच्या पडद्यावर अक्षरांचा पूर आला आणि सगळं काळं झालं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मामांना वाटलं, मशीन गेलं! ते धावले आणि त्यांनी त्या रांगेचा मेन स्विचच खाली ओढला.

स्विच वर केल्यावर बाकीची मशीनं उठली, गौरवचं काही उठेना. ते आता खरोखर गेलं होतं. गौरव शेजारच्या टेबलावर बसला, तर त्याचं ते खोटं मशीन दोन मिनिटांत तिथे ठणठणीत उभं.

मामांचा चेहरा बघवेना. "वीज गेली असं लिहा, मामा," मॅडम हळूच म्हणाल्या. रत्नागिरीत त्यावर कोण संशय घेणार?

"नायतर माझं नाव घाला," गौरव म्हणाला.

"तुझां कशाला, रे? तू काय केलंस?" म्हणत मामांनी त्या रकान्यात ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. डोळे मात्र भरून आले होते.

पुढच्या प्रॅक्टिकलला मामा मॅडमसमोर उभे. "वही तर बाटलीच. आता मलापण एक खोटां मशीन द्या."

मॅडमनी दिलं आणि मुद्दाम एक चुकीची ओळ लिहायला लावली. मशीन चालू-बंद करण्यापलीकडे कधी न गेलेल्या मामांनी एंटर दाबलं, तेही चांगलं जोरात. पडदा काळा झाला. मामांचा हात स्विचकडे निघाला, अर्ध्यावर थांबला आणि खिशात गेला.

"आणा परत," मामा म्हणाले. "अजून एकदा पाडूया."